जाळीपुढची उदबत्ती

आंबीला राहतो असं सांगितलं की मुंबईकडची माणसं डोळे मोठे करतात. त्यांना ॲम्बी व्हॅली ऐकू येतं. ती तिकडे लोणावळ्याच्या पुढे, मुळशीच्या डोंगरात. आमची आंबी मावळातली, तळेगावाहून इंद्रायणी ओलांडली की लागणारी. एका अंगाला एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेडी, दुसऱ्या अंगाला फुलशेतीची प्लॅस्टिकची छपरं, आणि उरलेल्या जागेत भात. त्यातल्या एका शेडीत माझ्या धाकट्या भावाचं ॲल्युमिनियम वेल्डिंगचं वर्कशॉप आहे.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी त्या शेडीत त्याची गाडी पुढचा बंपर काढून उभी होती. २०१३ सालची ऑडी एस फोर, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ३३३ अश्वशक्ती. कागदोपत्री ते ‘टीएफएसआय’ आहे, पण त्यातल्या ‘टी’वरून टर्बो समजू नये. इथे इंजिनाच्या दोन फळ्यांच्या मधल्या खोबणीत सुपरचार्जर बसवलाय. म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा नाही, तर इंजिनानेच पट्ट्यावर फिरवलेला हवेचा पंप. भावाने वर्षभरापूर्वी त्या सुपरचार्जरची पुली बदलून छोटी बसवली. पुली छोटी झाली की पंप जास्त फिरतो, हवा जास्त दाबतो. हिवाळाभर तो खूश होता. एप्रिल उजाडला आणि घाटात गाडी दमायला लागली. आता त्याला पुढचा हीट एक्स्चेंजर मोठा बसवायचा होता.

तात्या आमचे चुलते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वडगावजवळ त्यांचं तीस वर्षं रेडिएटरचं दुकान होतं. ट्रकचा रेडिएटर उतरवायचा, टाक्या उकलायच्या, नळ्यांतून सळई घालून गाळ काढायचा, गळतीला डाग द्यायचा. आता दुकान नाही, पण कुठे जाळी उघडी दिसली की तात्या खुर्ची ओढून बसतातच.

त्या संध्याकाळपासून पुढे दोन-तीन आठवडे जे बोलणं चाललं ते आठवेल तसं लिहितो. मधे मधे मीही नाक खुपसलं आहे. ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, सवय जात नाही.

तात्या: एवढीशी जाळी? पाटाएवढीसुद्धा नाही ही.

धाकटा: म्हणून तर बदलायची आहे, तात्या. हा इंजिनाचा रेडिएटर नाही. तो मागे आहे. हा सुपरचार्जरच्या पाण्याचा. त्याचा फेरा वेगळा, पंप वेगळा.

तात्या: म्हणजे गाडीला दोन रेडिएटर, आणि तरी तापते. आमच्या ट्रकला एकच असायचा.

धाकटा: आणि तोही घाटात उकळायचा. तुम्हीच सांगता.

तात्या: उकळायचा. त्यावर तर घर बांधलं.

एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधीचा खंडाळ्याचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना तात्यांचं घर कशावर उभं आहे ते कळेल. चढावर बॉनेट उघडी टाकून उभ्या असलेल्या फियाट, चाकांमागे दगड लावलेले ट्रक, पाण्याचा डबा घेऊन झऱ्याकडे निघालेला क्लीनर. शिंग्रोबाच्या देवळाशी पैसे टाकून पुढे जायची रीत होती. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, त्याचं ते देऊळ. तात्या म्हणायचे, देवाला चार आणे आणि मला चाळीस रुपये, नाहीतर गाडी पुण्याला पोचत नाही.

तात्या: बरं, हे पाणी कुठलं काय थंड करतं ते मला नीट सांग. इंजिन तर दुसरं पाणी थंड करतंय.

धाकटा: हवा. इंजिनात जाणारी हवा.

तात्या: हवा थंड करायला रेडिएटर? हवा तर बाहेरूनच येते की.

धाकटा: येते. पण दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं खालचं टोक धरून बघा.

सायकलचा पंप सगळेच सांगतात. तळेगावच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात जाऊन बघावं असं मी सुचवलं. तिथे टाकीत हवा सोडायला जो ‘ट्विन लोब ब्लोअर’ घरघरत असतो, तो आणि भावाच्या इंजिनावरचा सुपरचार्जर एकाच घराण्यातले. अमेरिकेतल्या इंडियानामधल्या रूट्स नावाच्या भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे धातू वितळवायच्या भट्ट्यांना वारा घालायला तो सगळीकडे गेला. भाताच तो, लोहाराच्या भात्याचा फिरता अवतार. त्या ब्लोअरच्या आत जाणाऱ्या नळीवर हात ठेवता येतो, बाहेर येणाऱ्या नळीवर ठेवला तर चटका बसतो.

मग मी पाठीमागच्या पत्र्यावर खडूने हिशेब मांडला. बाहेरची हवा ३८ अंश. मूळ पुलीवर सुपरचार्जर ती साधारण ०.८ बार जास्त दाबाने भरतो. दाबणारं यंत्र काही शंभर टक्के कार्यक्षम नसतं, शंभरात पासष्ट धरलं तर बाहेर पडणारी हवा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. छोट्या पुलीने दाब १ बारपर्यंत नेला आणि यंत्राची कार्यक्षमता थोडी घसरली, तर दीडशेच्या पुढे. तापलेली हवा फुगलेली असते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी हवा. सव्वाशेची हवा पंचावन्नवर आणली तर सिलिंडरमध्ये वीस टक्क्यांहून जास्त हवा मावते. दुसरं, गरम हवेत पेट्रोल वेळेआधी पेटायची भीती असते. गाडीचा संगणक ते ओळखतो, ठिणगी उशिरा देतो, दाब सोडून देतो. गाडी दमते म्हणजे प्रत्यक्षात तिचा संगणक तिला दमवतो.

तात्या: म्हणजे गाडीच शहाणी आहे. तू नाहीस.

धाकटा: तात्या...

तात्या: अरे, तिला कळतंय की आता जास्त होतंय. ती हात आखडता घेतेय. तू म्हणतोस, आखडू नकोस. जुनी पुली लाव, विषय संपला. कंपनीने जाळी लहान दिली ती त्या पुलीच्या मापाने दिली. ती काही चुकली नाही, माप तू बदललंस.

धाकटा: माप बदललं म्हणूनच जाळीही बदलायची. अर्धं बदलून थांबलो हीच माझी चूक. छोट्या पुलीबरोबर मोठा एक्स्चेंजर त्याच वेळी बसवायला हवा होता.

तात्या: आणि उद्या म्हणशील, मोठ्या जाळीबरोबर अजून छोटी पुली.

धाकटा गप्प बसला. बहुतेक त्याने ते मनात धरलं होतंच.

पण त्याचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. पूर्ण जोर लावला तर मूळ ३३३ अश्वशक्तीच्या इंजिनात सेकंदाला पाव किलोच्या आसपास हवा जाते. तिची साठ-पासष्ट अंशांची उष्णता काढायची म्हणजे सोळा किलोवॅट. घरच्या न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे आठ गिझर एका वेळी चालू, आणि त्यांची सगळी ऊब पाटाएवढ्या जाळीतून बाहेर टाकायची.

धाकटा: आणि पाणी किती? सगळ्या सर्किटमध्ये पाच लिटर धरा. जाळीतून काहीच गेलं नाही तर सेकंदाला पाऊण अंश चढतं. दहा सेकंद पाय दाबला की आठ अंश.

तात्या: मग पाणी वाढव. टाकी लाव मोठी. जाळीला हात कशाला?

धाकटा: पाणी वाढवलं की चढायला वेळ लागतो, तसाच उतरायलाही. पंधरा लिटर केलं तर तिप्पट सावकाश तापेल, आणि एकदा तापलं की लोणावळ्यापर्यंत गारच होणार नाही. टाकी म्हणजे उधारी. फेडावी लागतेच.

तात्या: कुणाच्या बापाची उधारी? तू दहा सेकंदांपेक्षा जास्त पाय दाबणार आहेस कुठे? एक्सप्रेसवेवर शंभरची मर्यादा, घाटात त्याहून कमी, वर कॅमेरे.

तात्यांनी इथे दुखऱ्या जागी बोट ठेवलं. खरंतर भावाच्या मनात ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी होती. तिथल्या खासगी विमानपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग शर्यत भरायची, सरळ पट्टीवर पाव मैल, ४०२ मीटर. तो बघायला गेला होता आणि तिथूनच हे वेड घेऊन आला. (आंबीचा मुलगा ॲम्बीला जाऊन बिघडला, असं काकू म्हणतात.) अशा ठिकाणी मूळ एस फोर तेरा सेकंदांच्या आसपास पाव मैल कापते. तेरा सेकंदांच्या कामाला काय लागतं याचं उत्तर ड्रॅगवाल्यांनी फार पूर्वी काढलंय. ते सुपरचार्जरच्या पाण्यात बर्फ टाकतात.

धाकटा: बर्फ चालतो, हे मला मान्य आहे. पाच किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो, ती सोळा किलोवॅटला शंभरेक सेकंद पुरते. सात-आठ वेळा धावता येईल.

तात्या: मग संपलं! मच्छीवाल्याकडून बर्फ आण. लाखाच्या घरात जाणारी जाळी मागवतोस कशाला?

धाकटा: कारण मी रोज रेस लावत नाही. रोज पुण्याला जातो. घाटातून मुंबईला जातो. बर्फ घेऊन घरून निघायचं का?

तात्या: आम्ही पाणी घेऊन निघायचो.

या वादाला इतिहासही आहे. १९४२ मध्ये आलेल्या स्पिटफायर मार्क नाइनमधल्या मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता, आणि दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी पाण्यावर थंड करायचा कूलर. त्या पाण्याचा वेगळा रेडिएटर पंखाखाली. रचना भावाच्या गाडीचीच. फरक एवढाच, की तीस हजार फुटांवर बाहेर शून्याखाली चाळीस अंश असतात. जाळी किती उष्णता टाकते ते तिच्या आकारापेक्षा आधी पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी साठ अंशांवर असेल आणि मे महिन्यातल्या दुपारी मावळात ३८ अंश असतील, तर फरक बावीसचा. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असतील तर अठ्ठेचाळीसचा. तीच जाळी, तेच पाणी, थंडीत दुप्पट काम. म्हणून भाऊ हिवाळाभर खूश होता.

तात्यांना हे फार आवडलं. ‘म्हणजे त्याची गाडी देवदिवाळीपासून होळीपर्यंत जोरात,’ असं ते पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

एका संध्याकाळी भाऊ दोन नमुने घेऊन आला. एक नळ्या आणि पातळ पन्हळी पत्र्याची जाळी, दुसरी ज्याला ‘बार अँड प्लेट’ म्हणतात तशी, जाड पट्ट्या आणि पत्रे रचून भट्टीत एकजीव केलेली.

तात्या: (दुसरी हातात तोलत) ही जड आहे. मजबूत आहे.

धाकटा: तीच घ्यायची आहे. जास्त ॲल्युमिनियम, म्हणजे एकदम तापत नाही. दगड लागला तरी फुटत नाही.

तात्या: आणि वारा? (जाळी तोंडापुढे धरून फुंकर मारत) ह्या पातळ जाळीतून जातोय. ह्या जाड जाळीतून बघ, अडतोय. ही पुढे लावलीस तर मागच्या रेडिएटरला काय मिळणार? मधे एसीचा कंडेन्सर आहे. तिघं एका रांगेत उभे, पुढचा गलेलठ्ठ. मागच्यांना कीर्तन ऐकूच येणार नाही.

हे त्यांनी इतकं अचूक सांगितलं की मी पत्र्यावरचा खडू खाली ठेवला. पुढच्या जाळीतून गेलेली हवा तापूनच मागे जाते. सुपरचार्जरची हवा पाच अंशांनी गार करायला इंजिनाचं पाणी पाच अंशांनी गरम करणं, ही देवाणघेवाण मे महिन्यातल्या घाटात परवडणारी नाही.

धाकटा: मग तुमच्या पितळी जाळ्या बऱ्या होत्या का?

तात्या: त्यातलं तांबं उष्णता चांगली घेतं, ॲल्युमिनियमपेक्षा पुष्कळ चांगली. पण जड. आणि मला एक सांगायचंय. माझ्याकडे शंभर गाड्या यायच्या, त्यातल्या नव्वदांची जाळी लहान नसायची. बुजलेली असायची. गाळ, क्षार, बाहेरून चिखल आणि पाखरं. जाळी मोठी करून दे म्हणणारे यायचे. मी आधी ती साफ करून द्यायचो आणि म्हणायचो, आठवड्याने ये. कुणी परत यायचं नाही.

धाकटा: माझी साफ आहे.

तात्या: पाणी कसलं घातलंस?

धाकटा पुन्हा गप्प. पुली बदलताना सर्किट उकललं होतं आणि परत भरताना शेडीतल्या बोअरचं पाणी कूलंटमध्ये निम्मंनिम्म मिसळलं होतं. आमच्या बोअरचं पाणी असं, की त्याने केटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो. तात्या काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं पाणी काढलं. डिस्टिल्ड वॉटर आणलं, कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणापुरतंच. मावळात पाणी गोठत नाही, पण कूलंट गंज थांबवतो म्हणून लागतोच. मात्र त्यात ग्लायकॉल जेवढं जास्त तेवढी उष्णता वाहून न्यायची ताकद कमी, निम्म्याला निम्मं घातलं की साधारण सहाव्या हिश्शाने कमी. मग पंप चालू ठेवून, गाडीचं तोंड उताराला वर करून, अडकलेली हवा काढली. बुडबुडे निघत राहिले. तात्या बाजूला उभे राहून मोजत होते, जणू चोर पकडलेत.

मग मोजायला निघालो. गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये डोंगल लावून फोनवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. रविवारी सकाळी खोपोलीहून खंडाळ्याकडे चढलो, भाऊ चालवत होता, मी फोन धरून. माझी अपेक्षा होती की पाय दाबला की आकडा चढेल. चढला, पण थोडा, आणि लगेच उतरला. खरा चढला तो जिथे अमृतांजन पूल होता तिथे. तो १८३० चा पूल २०२० च्या टाळेबंदीत पाडला, पण आम्ही अजून त्याच नावाने ठिकाण सांगतो. तिथे दोन कंटेनर आडवे झाले होते आणि गाड्या रांगत होत्या. सुपरचार्जर जवळजवळ रिकामा फिरत होता, दाब शून्य, आणि तरी आकडा सारखा वर. दहा मिनिटांत वीसच्या वर अंश.

तात्या: (फोनवर ऐकताना) म्हणजे जोर लावताना नाही, उभी असताना तापते?

धाकटा: सुपरचार्जर दोन फळ्यांच्या मधे बसलाय, तात्या. खालून इंजिन शेकतं. चुलीवर झाकण ठेवल्यासारखा. आणि रस्ता मोकळा झाला की आधी ती साठलेली उष्णता काढावी लागते.

तात्या: मग मोठी जाळी काय करणार तिथे? वारा कुठून आणणार?

धाकटा: मागचा पंखा ओढतोच की.

तात्या: ओढतो. पण कुठून ओढतो?

हा प्रश्न तसाच लटकत राहिला. त्याचं उत्तर शेवटी काकूंनी दिलं, आणि त्यांना विचारलंही नव्हतं. काकूंनी नवलाख उंब्रेकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाब पॅक करायचं काम पुष्कळ वर्षं केलं. व्हॅलेंटाइनच्या आधीचा जानेवारी म्हणजे मावळात सुगीच असते.

काकू: आमच्याकडे पण हेच झालं होतं. खोली गार, पंखा चालू, आणि खोक्याच्या मधली फुलं कोमटच. साहेब म्हणाले, अजून एक एसी लावू.

तात्या: मग?

काकू: मग काय. वारा खोक्यांच्या बाजूने निघून जात होता. खोक्यांना भोकं असतात, ती एका ओळीत लावली, आणि दोन रांगांच्या मधे वरून ताडपत्री टाकली. पंख्याला खोक्यातूनच ओढावं लागलं. तासाभरात आतलं फूल गार.

धाकट्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि बंपरजवळ जाऊन वाकला. बंपरचं तोंड केवढं, जाळी केवढी, आणि दोघांच्या मधे चारी बाजूंनी किती फट. खालची बाजू तर पूर्ण मोकळी. पूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तिथली प्लॅस्टिकची पट्टी काढली गेली होती आणि परत बसलीच नव्हती. कुणी काढली हे शोधायचा प्रयत्न त्याने केला, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तात्यांनी देवघरातून उदबत्तीचा पुडा मागवला. गाडी चालू करून पंखा चालू होईपर्यंत थांबलो, बंपर नुसता जागेवर टेकवला, आणि तात्यांनी उदबत्ती त्याच्या तोंडापुढे धरली. धूर आधी सरळ आत गेला. मग जाळीच्या एक बोट अलीकडे अडला, विचार केल्यासारखा थांबला, आणि खाली वळून फटीतून मागे निघून गेला. वर धरली, तसाच. डावीकडे धरली, बाजूने. जाळीतून फार थोडा जात होता.

तात्या: (उदबत्ती न हलवता) बघ. तू लाखाची जाळी घेणार होतास.

धाकटा: फट बुजवली तरी मोठी जाळी चांगलीच असेल. पुलीचं गणित बदलत नाही.

तात्या: नाही बदलत. पुलीही परत लावायची आहेच.

धाकटा: ती नाही लावणार.

कायद्याचाही विषय निघाला, आणि तात्यांनी तो माझ्या अंगावर ढकलला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कागदावरच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लावली. मोठी जाळी बसवल्याने कागदावरचं काही बदलत नाही असं भाऊ म्हणतो. पुलीबद्दल विचारलं की त्याला वेल्डिंगचं काम आठवतं. माझं मत विचाराल तर पुलीच्या बाबतीत मी तात्यांच्या बाजूचा आहे, आणि ते कायद्यापेक्षा विम्यामुळे. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस बॉनेट उघडतो तेव्हा छोटी पुली त्याला आधी दिसते.

फटी बुजवायला शेडीतलाच फोम निघाला, दाराला लावतात तसला चिकटपट्टीचा. खालच्या बाजूला भावाने ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून, कडा दुमडून, गळ्यासारखा बसवला. अर्ध्या दिवसाचं काम. काकूंनी ताडपत्रीचा तुकडा आणून दिला होता, तो वापरला नाही म्हणून त्या जरा रुसल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट. या वेळी कंटेनर नव्हते, आणि आम्ही तिघंही थोडे निराश झालो. शेवटी लोणावळ्याच्या चौकात, चिक्कीच्या दुकानांपुढच्या गर्दीत, गाडी हवी तशी अडकली. फोन तात्यांच्या हातात. मागच्या सीटवरून ते आकडे वाचत होते, क्रिकेटच्या स्कोअरसारखे. चढला, पण सावकाश, आणि गर्दी फुटून वलवणकडे निघालो तसा चढला त्याहून लवकर उतरला.

धाकटा: बरं आहे. पण इंजिनाचं पाणी दोन अंश वर आहे, बघितलंत? आता सगळा वारा आधी ह्या जाळीतून जातो, मग तापून मागे.

तात्या: बघितलं.

धाकटा: म्हणून पातळ, पण रुंद जाळी. कोर पुण्यात मिळतो, टाक्या मी स्वतः वेल्ड करतो. लाख नाही लागणार. बंपरच्या पूर्ण तोंडाएवढी.

तात्या: जाड नाही?

धाकटा: जाड नाही.

तात्यांनी फोन सीटवर ठेवला. कामशेतपर्यंत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर ते शेडीत गेले, टेप घेतली, आणि बंपरचं तोंड मोजायला लागले. रुंदीचा आकडा पत्र्यावर माझ्या हिशेबाशेजारी लिहिला. मग उदबत्तीच्या पुड्यातून एक काढली, पेटवली, आणि या वेळी ती पुढून न धरता, वाकून, मागच्या रेडिएटरच्या कडेच्या फटीशी धरली.